मशीनचा उंबरठा कोण ठरवतं?

जूनमध्ये एक गृहस्थ मला भेटायला कॉलेजात आले. त्यांची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. बारावीला तिनं माझ्याकडे तर्कशास्त्र घेतलं होतं, पुढे बीसीए केलं, आणि आता पुण्याला जाऊन तत्त्वज्ञानात एम.ए. करायचं म्हणत होती. वडील सोलापूरच्या पूर्व भागात एका विडी कारखान्यात चेकर आहेत. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "सर, पोरगी म्हणती तंत्रज्ञानाच्या नीतीचा अभ्यास करणार. तत्त्वज्ञान म्हणजे गीता-ज्ञानेश्वरी की ओ. ते कॉम्प्युटरला कशाला लागतंय?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्या रोज येतात, त्यात 'नीती', 'एथिक्स' हे शब्दही येतात. पण त्या नीतीचा अभ्यास करणारा माणूस सकाळी उठून नेमकं काय काम करतो, हे कुणी सांगत नाही. त्या दिवशी मी त्या गृहस्थांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर सांगतो.

अंगठा लागत नाही म्हणजे काय होतं

आमच्या गल्लीत एक अक्का राहतात. चाळीसेक वर्षं विड्या वळतायत. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं, बाजूला तंबाखू. बोलता बोलता पान बोटांत फिरतं, तंबाखू भरला जातो, विडी वळली जाते, टोक मुडपलं जातं, दोरा बसतो. दिवसाला शेकडो वेळा तेच पान त्याच बोटांवर घासलं जातं. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा मी एकदा जवळून पाहिला. मधला भाग काचेसारखा गुळगुळीत झालाय, रेषा उरल्यात त्या कडेला.

रेशनच्या दुकानात हाच अंगठा मशीनवर ठेवायचा असतो. अक्का तो आधी पदराला पुसतात, मग ठेवतात. लाल दिवा. पुन्हा पुसतात, जरा दाबून ठेवतात. पुन्हा लाल. मग दुसरं बोट, मग तिसरं. मागे रांग थांबलेली असते. "अंगठा लागत नाही," असं दुकानदार म्हणतो, आणि ते ऐकताना आपल्याला वाटतं की दोष अंगठ्याचा आहे.

आता मशीनच्या आत काय चालतं ते बघू. बोटावरच्या रेषा कुठे संपतात आणि कुठे त्यांना फाटा फुटतो, अशा जागा मशीन टिपतं. आधार काढताना घेतलेल्या ठशातल्या जागांशी त्या ताडून बघतं आणि जुळणीला गुण देतं. आपण पेपर तपासतो तसंच. मग ते गुण ठरलेल्या आकड्याच्या वर असतील तर हिरवा दिवा, खाली असतील तर लाल. या ठरलेल्या आकड्याला मी या लेखात 'उंबरठा' म्हणणार आहे.

ध्यानात घ्या, "ही तीच बाई आहे" किंवा "ही ती नाही" असं मशीन कधीच म्हणत नाही. ते फक्त गुण देतं. 'हो' किंवा 'नाही' हे उंबरठ्यामुळे ठरतं. आणि परीक्षेत ३५ला पास हा जसा निसर्गनियम नाही, तसा हा उंबरठाही निसर्गात सापडलेला नाही. कुणीतरी तो तिथे ठेवलाय.

दोन चुका, आणि दोन्ही एकदम कमी होत नाहीत

उंबरठा खाली आणला तर अक्कांचा अंगठा लागेल, पण एखाद्या वेळी भलत्याच माणसाचाही लागेल आणि तो दुसऱ्याचं धान्य उचलेल. उंबरठा वर नेला तर भलता माणूस अडेल, पण त्याच्याबरोबर अक्काही अडतील. खऱ्याला नाकारणं ही एक चूक, खोट्याला स्वीकारणं ही दुसरी. मशीन आणि ठसे तेच असतील, तर एक चूक कमी केली की दुसरी वाढणारच. मशीन चांगलं आणलं तर दोन्ही कमी होतात, पण शून्यावर येत नाहीत. म्हणजे उंबरठा कुठे ठेवायचा हा प्रश्न तिथेही शिल्लक राहतोच.

आधारच्या खटल्याची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात २०१८ साली चालू होती. सरकारी सेवांमध्ये पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण ८८ टक्के असल्याचं आधार प्राधिकरणानंच तेव्हा न्यायालयाला सांगितलं. पडताळणी फसली म्हणजे लाभ नाकारलाच असं नाही, हेही प्राधिकरणानं स्पष्ट केलं होतं, आणि ते बरोबर आहे. मोबाइलवरचा ओटीपी, डोळ्यांची बुबुळं असे दुसरे मार्ग आहेत. पण उरलेले १२ टक्के कोण, हे विचारलंच पाहिजे. ही माणसं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात. ज्यांच्या बोटांवर कामानं आणि वयानं रेषा राहिल्या नाहीत, ती त्यात जास्त असणार. विडी वळणाऱ्या आणि धुणं-भांडी करणाऱ्या बायका, गवंडी, म्हातारी माणसं.

मग कुठली चूक जास्त वाईट? महिन्याचं धान्य एका घराला न मिळणं, की एखाद्या लबाडाला मिळणं? याचं उत्तर मशीन बनवणाऱ्याच्या गणितातून निघत नाही. गणित फक्त इतकं सांगतं की उंबरठा इथे ठेवलात तर या चुका इतक्या होतील आणि त्या तितक्या. त्यातलं काय पत्करायचं, हा प्रश्न न्याय-अन्यायाचा आहे. तंत्रज्ञानाच्या नीतीचा अभ्यास इथून सुरू होतो.

चेकरचा हात

मी त्या गृहस्थांना विचारलं, "तुम्ही कारखान्यात दिवसभर काय करता?"

ते हसले. बायका घरून वळून आणलेल्या विड्या मोजून देतात. चेकर त्यातल्या फाटक्या, सैल, आखूड विड्या बाजूला काढतो. या छाट विड्यांची मजुरी बाईला मिळत नाही. चेकरनं हात कडक ठेवला तर चांगल्या विड्याही छाटमध्ये जातात आणि बाईचे पैसे बुडतात. सैल सोडला तर खराब विड्या बंडलात जातात आणि मालकाचा माल परत येतो.

"मग हात कडक ठेवायचा की सैल, हे कसं ठरवता?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "फाटलेली विडी मी कधी चांगली म्हणणार नाही सर. पण शंकेची असली ना, म्हणजे जाऊ बी शकती, राहू बी शकती... तर दिवाळीच्या आधी जरा हात सैल सोडतो."

तत्त्वज्ञांनी सत्तर वर्षं ज्या प्रश्नावर निबंध लिहिले, त्याचं मर्म या दोन वाक्यांत आलेलं आहे. मी त्यांना तसं सांगितलं आणि ते मनापासून सांगितलं. या धंद्यात बायकांच्या फुफ्फुसांचं काय होतं आणि छाटच्या नावाखाली कुठे कुठे किती लूट होते, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. त्यावर सोलापुरात लढे झालेत, अजून होतायत. इथे मला फक्त निर्णय कसा होतो, तेवढंच दाखवायचंय.

१९५३ साली रिचर्ड रडनर या अमेरिकन तत्त्वज्ञानं एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की कुठलंही वैज्ञानिक विधान पुराव्यानं शंभर टक्के सिद्ध होत नाही. तेव्हा "आता एवढा पुरावा पुरे, हे विधान मी मान्य करतो" असं वैज्ञानिकाला कुठेतरी म्हणावंच लागतं. कुठे म्हणायचं, ते चूक झाली तर किती महागात पडेल यावर ठरतं. त्यानं दोन उदाहरणं दिली होती. औषधात विषारी घटक जीवघेण्या प्रमाणात नाही, असं म्हणण्याआधी आपण फार पक्की खात्री मागतो. यंत्रावर ठोकलेल्या पट्ट्याच्या बकलांचा लॉट चांगला आहे, असं म्हणायला तेवढी खात्री लागत नाही. सोलापुरी भाषेत सांगायचं तर चादरींचा गठ्ठा तपासणं आणि सलाईनच्या बाटल्यांचा खोका तपासणं यात जेवढा फरक, तेवढा.

पुढे कार्ल हेम्पेल या तत्त्वज्ञानं याला नाव दिलं. मराठीत आपण त्याला 'अनुमानातली जोखीम' म्हणू. पुराव्यावरून निष्कर्षाकडे उडी मारताना ती उडी चुकण्याची आणि चुकल्यावर कुणालातरी लागण्याची जोखीम.

शितावरून भाताची परीक्षा कधी फसते

मशीन शिकतं ते उदाहरणांवरून. हजारो ठसे, हजारो फोटो, हजारो कर्जदारांच्या नोंदी त्याला दाखवल्या जातात आणि त्यावरून ते पुढच्या माणसाबद्दल अंदाज बांधतं. आपल्याकडे यासाठी फार नेमकी म्हण आहे: शितावरून भाताची परीक्षा. एक शीत दाबून अख्ख्या पातेल्यातला भात शिजला की नाही ते आपण सांगतो. हे का जमतं? तांदूळ एकाच जातीचा, पाणी एकच, आच एकच, पातेलं एकच. यातलं काही बदललं की शीत खोटं बोलतं. शेजारच्या घरचं शीत दाबून आपला भात उतरवणारी गृहिणी मी पाहिलेली नाही. पण कार्यालयात बसून काम करणाऱ्यांच्या बोटांवर पारखून घेतलेलं मशीन विडी कामगारांच्या वस्तीत लावणं हे त्यातलंच.

अनुमानाच्या या अडचणीचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं मानणारे चार्वाक तर म्हणत की धूर आणि अग्नी यांचं कायमचं नातं आहे, हे आजवर पाहिलेल्या चुलींवरून ठामपणे सांगताच येत नाही. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं याच्या जवळ जाणारी शंका युरोपात मांडली. तर्काचा अभ्यास करणाऱ्या न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, अनुमान सोडून दिलं नाही, त्यांनी ते कुठे फसतं याचा बारकाईनं शोध घेतला. "धूर आहे तिथे अग्नी आहे" हे बरोबर. "अग्नी आहे तिथे धूर आहे" हे मात्र चूक, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. धूर यायला सरपण ओलं लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. वर्गात हे सांगताना मी चुलीचीच आठवण करून देतो, आणि ज्यांच्या घरी अजून चूल आहे ती मुलं लगेच मान डोलावतात.

ओल्या सरपणाचा आजच्या मशीनशी काय संबंध, ते एका प्रसिद्ध अभ्यासातून कळतं. अमेरिकेतल्या रुग्णालयांत एक संगणक प्रणाली वापरात होती. कुठल्या रुग्णाकडे जास्त लक्ष द्यायला हवं ते ती सांगायची. आजारपण मोजायला तिनं उपचारांवर झालेला खर्च धरला होता. जास्त खर्च म्हणजे जास्त आजारी. वरवर पटतं. २०१९ साली झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की सारखेच गुण मिळालेल्या गोऱ्या आणि काळ्या रुग्णांमध्ये काळे रुग्ण प्रत्यक्षात जास्त आजारी होते. त्यांच्यावर खर्च कमी व्हायचा, कारण उपचारांपर्यंत पोचणंच त्यांना जड जात होतं. आजार हा अग्नी, खर्च हा धूर, आणि मधलं ओलं सरपण म्हणजे दवाखान्याची दारं उघडी असणं. ही चूक दुरुस्त केली तर जादा मदत मिळणाऱ्यांत काळ्या रुग्णांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं त्या अभ्यासात दिसलं. प्रणालीला रुग्णाचा वर्ण सांगितलेलाच नव्हता, तरीही हे घडलं.

"पण विज्ञान तर तटस्थ असतं ना?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो, आणि तो मला मोलाचा वाटतो. तो घेणाऱ्याला सत्याची चाड असते.

रडनरलाही तो ऐकावा लागला. १९५६ साली रिचर्ड जेफ्री या तत्त्वज्ञानं लिहिलं की वैज्ञानिकानं 'हो-नाही' ठरवूच नये. त्यानं फक्त शक्यता किती ते सांगावं, "उद्या पावसाची शक्यता ७० टक्के" असं. छत्री घ्यायची की नाही, ते ज्यानं त्यानं बघावं. उत्तर सुटसुटीत आहे, पण पुरत नाही. रडनरनं याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं: शक्यता ७० टक्केच आहे, हेसुद्धा एक विधानच की. तेही कुठल्यातरी पुराव्यावर, कुठेतरी थांबून मान्य करावं लागतं.

थांबण्याच्या जागा किती असतात, ते हेदर डग्लस या तत्त्वज्ञ बाईंनी २००० साली दाखवून दिलं. डायॉक्सिन नावाच्या विषारी रसायनानं कर्करोग होतो का, यासाठी उंदरांवर प्रयोग झाले होते. त्यांच्या यकृताचे काचपट्टीवरचे तेच नमुने १९७८, १९८० आणि १९९० असे तीनदा वेगवेगळ्या तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तिन्ही वेळी गाठींचा आकडा वेगळा आला. कुणी लबाडी केली असं म्हणायची गरज नाही. काही पेशी स्पष्ट कर्करोगाच्या असतात, काही स्पष्ट निरोगी, आणि काही काठावरच्या. काठावरची पेशी कुठल्या बाजूला टाकायची? संशय येताच गाठ म्हटलं तर लोकांचं संरक्षण होतं, कारखान्यांवर बंधनं येतात. पक्की खात्री झाल्यावरच गाठ म्हटलं तर कारखाने मोकळे राहतात, धोका लोकांच्या वाट्याला जातो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेल्या माणसालाही चेकरसारखा हात कडक किंवा सैल ठेवावाच लागतो.

"मग सगळंच ज्याच्या त्याच्या मताचं झालं?"

नाही. चेकर गृहस्थांचं पहिलं वाक्य इथे आठवा. फाटलेली विडी ते चांगली म्हणत नाहीत. दिवाळी असो वा नसो.

डग्लस बाईंचा सगळा भर याच फरकावर आहे. आपल्याला काय हवंय, काय आवडतं, कशानं कुणाचं भलं होईल, हे पुराव्याच्या जागी ठेवता येत नाही. "हे रसायन निर्धोक असलं तर बरं, म्हणून ते निर्धोक आहे" असं म्हणणं म्हणजे फाटक्या विडीला चांगली म्हणणं. पण जिथे पुरावा स्वतः काही ठरवू शकत नाही, तिथे किती पुरावा पुरे हे ठरवताना माणसांच्या भल्याबुऱ्याचा विचार येतो आणि यायलाच हवा. आपलं न्यायालयही असंच चालतं. "शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होऊ नये," हे वाक्य आपण सगळे ऐकत आलो. साक्षीपुराव्याला फाटा द्या, असं ते सांगत नाही. उंबरठा कुठे ठेवायचा आणि का, तेवढं सांगतं. आणि ते उघडपणे सांगतं, हे महत्त्वाचं. रेशनच्या मशीनचा उंबरठा मात्र कुणी, कुठे बसून, कुठला विचार करून ठेवला, हे अक्कांना कोण सांगणार?

"एवढं तर इंजिनिअरही करतील"

चांगले इंजिनिअर करतातही. माझे काही विद्यार्थी आज प्रणाली बनवण्याच्या कामात आहेत आणि त्यांना हे प्रश्न पडतात. पण त्यांच्या कामाचं मोजमाप वेगळं असतं. मुदतीत काम, ठरलेली अचूकता. "अचूकता ९५ टक्के" हा आकडा अभिमानानं सांगितला जातो. उरलेल्या ५ टक्क्यांत कोण आहे, हे शोधायला वेळ आणि पगार कुणी देत नाही. तत्त्वज्ञानाचा अभ्यासक तो वेळ देतो. 'न्याय्य' हा शब्द एका प्रणालीत किती वेगवेगळ्या अर्थांनी वापरलाय आणि ते अर्थ एकमेकांच्या आड कसे येतात, ते सोडवून दाखवणं हे त्याचं रोजचं काम. वाचणं, युक्तिवाद मांडणं, तो मांडल्यावर इतर तज्ज्ञांकडून चिरफाड करून घेणं, पुन्हा लिहिणं.

आणि हे काम कागदावरच राहतं असं नाही. माणसांवर औषधाची चाचणी करायची तर नीती समितीची परवानगी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्या समितीत डॉक्टर आणि कायदेतज्ज्ञ असतात. त्यांच्याबरोबर समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ किंवा नीतीचा अभ्यासक, आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. औषधाच्या गोळीसाठी आपण ही खुर्ची मांडली. लाखो लोकांचं धान्य, पेन्शन, कर्ज ठरवणाऱ्या प्रणालीसाठी अशी खुर्ची सक्तीची नाही. ती असायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

"पोट भरतं का यावर?"

वडिलांचा खरा प्रश्न हाच होता आणि तो विचारताना त्यांना संकोच वाटत होता. वाटायला नको होता.

वाट लांब आहे. एम.ए., मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, मग पीएच.डी.ची चार-पाच वर्षं. आपल्या राज्यात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा विषय आहे, पण कायम नेमणुका कमी निघतात आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारे माझे मित्र आहेत. हे लपवून मी मुलीला पुढे ढकलणार नाही. दुसऱ्या बाजूनं काही दारं उघडली आहेत. आयआयटीसारख्या संस्थांतल्या पुढच्या शिक्षणासाठी असलेल्या गेटच्या परीक्षेत २०२१पासून तत्त्वज्ञान घेता येतं, आयआयटींच्या मानव्यविद्या विभागांत या विषयावर पीएच.डी. होते. बिमल कृष्ण मतिलाल कोलकात्याच्या संस्कृत कॉलेजातून हार्वर्डला गेले, आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये त्यांनी प्राध्यापक म्हणून न्यायदर्शन आधुनिक तर्कशास्त्राच्या शेजारी बसवून शिकवलं. मे. पुं. रेगे मुंबईत कॉलेजात शिकवत राहिले आणि अवघडातला अवघड विचार मराठीत कसा मांडायचा ते दाखवून गेले. मुलगी संगणक शिकलेली आहे, घरात तीन भाषा बोलल्या जातात, आणि उंबरठ्याच्या कुठल्या बाजूला कोण उभं असतं हे तिनं लहानपणापासून पाहिलंय. या विषयाला अशा माणसांची गरज आहे, हे मी वडिलांना खात्रीनं सांगितलं.

ती पुण्याला गेली. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तेव्हा लघुप्रबंधाचा विषय ठरवून आली होती. चार दिवस ती आमच्या गल्लीतल्या रेशन दुकानासमोर स्टूल टाकून बसली, दुकानदाराला आणि रांगेतल्या प्रत्येकाला विचारून. वही मला दाखवायला आणली. पहिल्या रकान्यात माणसाचं काम, नाव नाही. दुसऱ्यात अंगठा कितव्या खेपेला लागला. तिसऱ्यात, लागलाच नाही तर पुढे काय झालं. हा तिसरा रकाना तिनं सगळ्यात रुंद आखला होता, तरी काही ओळी समासात गेल्या होत्या.